तिथी बघून गळ: विजयदुर्ग ते निवती

गळाने मासे धरायला निघणारे बहुतेक जण शनिवार-रविवार बघतात. सुट्टी तेवढीच असते, त्याला इलाज नाही. पण समुद्राला वार नसतो, तिथी असते. म्हणून दिवाळीनंतरची रजा टाकताना मी आणि माझ्या मावसभावाने कॅलेंडरवर आधी तिथ्या बघितल्या. कार्तिक शुद्ध अष्टमीला विजयदुर्ग गाठायचं आणि पौर्णिमेला निवतीच्या खडपांवर, म्हणजे समुद्राकाठच्या कातळांवर, असायचं, असं ठरलं. मध्ये देवगड, तांबळडेग, तळाशील, देवबाग.

हा क्रम मुद्दाम लावला होता. अष्टमीच्या पुढेमागे भांग असतो. भरती-ओहोटीतला फरक कमी आणि पाण्याला ओढ मंद. खाडीच्या मुखाशी गळ तळाला टिकतो तो याच दिवसांत. पुढे पौर्णिमेकडे उधाण वाढत जातं, तशी खाडी गढूळ होऊन धावायला लागते आणि तिथे गळाच्या दोरीला वजनासाठी लावलेलं शिसं टिकत नाही. पण त्याच उधाणाचं पाणी खडपांवर चढतं, फेस करतं, आणि मोठा मासा त्या फेसाखाली अगदी काठाशी येतो. म्हणजे पाणी वाढेल तसं आपणही खाडीतून किनाऱ्यावर आणि किनाऱ्यावरून खडपावर सरकायचं. गळाचे तंत्र, रॉड, रीळ यांवर आमच्यात खूप बोललं जातं. कुठल्या तिथीला कुठे उभं राहायचं, यावर फार कमी.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशोब अजूनही चालतो. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा, तर सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. बंदराबंदराप्रमाणे थोडा फरक पडतो, मुंबईकडे वेळ पुढे जाते, पण सिंधुदुर्गात हा हिशोब बऱ्यापैकी बरोबर येतो. मोबाईलवर भरतीचे तक्ते मिळतात, ते जरूर बघावेत. मात्र खडपावर रेंज नसताना ही पाऊणपटच कामाला येते.

अष्टमी, विजयदुर्ग

कोल्हापूरहून पहाटे निघून फोंडा घाट उतरलो आणि दुपारी जेवायला विजयदुर्गात. किल्ल्याच्या उत्तरेला वाघोटन खाडी समुद्राला मिळते. खाडीत थोडं आत गिर्येला मराठा आरमाराची गोदी होती, तिचे अवशेष अजून आहेत. मोठी गलबतं जिथे आत घेता येत होती, तिथे पाणी खोल असणारच. खोल पाणी, दोन्ही बाजूंना कांदळवन, तोंडाशी खडक. तांबोशी माशाला याहून चांगलं घर नाही.

ज्यांच्याकडे उतरलो ते काका सत्तरीचे. आयुष्यभर होडी चालवलेली. आम्ही रॉड जोडत होतो तेव्हा त्यांनी आमचं ऐंशी ग्रॅमचं शिसं हातात घेऊन बघितलं आणि परत डब्यात टाकलं. "आज पाण्याक ओढ नाय. हलक्या शिसा घाल." आम्ही तीस ग्रॅमचं लावलं. भांगाच्या दिवसांत हेच महत्त्वाचं. शिसं तळाला लागेल आणि ओढीबरोबर हळूहळू सरकत राहील एवढंच वजन हवं. जड शिसं एका जागी रुतून बसतं आणि आमिष मेल्यासारखं पडून राहतं.

संध्याकाळी चारपासून भरतीचे शेवटचे दोन तास जेट्टीच्या बाजूच्या खडकावरून गरवलं. भरती आणि सूर्यास्त एकाच वेळी येतात, ते अष्टमीचं मोठं भाग्य. उजेड कमी होतो, पाणी भरलेलं असतं, आणि ओहोटी लागायच्या आधी पाणी जरा थबकतं. त्या अर्ध्या तासात पालू मासे लागले, तळहातापेक्षा थोडे मोठे. दोन शेंगाळे आले. शेंगाळ्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांत विष असतं. हाताने धरायचाच नाही, पक्कडीने गळ सोडवायचा किंवा तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, कापायचं. काटा लागलाच तर सोसेल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा. ते विष प्रथिनाचं असतं आणि उष्णतेने निकामी होतं. वेदना लवकर उतरते, तरी पुढे डॉक्टरांना दाखवायचंच.

नवमी, वाघोटन खाडी

या सगळ्या प्रवासातला माझा सर्वांत आवडता दिवस.

अष्टमीला चंद्र अर्धा असतो म्हणून भांगही अष्टमीलाच, असं कागदावर वाटतं. खरं सर्वांत मंद पाणी त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतं. नवमी-दशमी हे खरे भांगाचे दिवस. काकांनी त्यांच्या पुतण्याची होडी सांगून ठेवली होती. पहाटे साडेपाचला पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणाऱ्या एका दादांकडून जिवंत सुंगटं, म्हणजे कोळंबी, घेतली. बादलीत बॅटरीवरचा हवेचा पंप, वर ओलं गोणपाट. बादलीत सुंगटांची गर्दी करायची नाही आणि अर्ध्या अर्ध्या तासाने निम्मं पाणी बदलायचं, तर ती दुपारपर्यंत टणक राहतात. "सुंगटां जिती व्हयी," काका म्हणाले. "मेलेली शेंगाळो खाता, तांबोशी नाय."

सुंगट गळाला लावण्याची त्यांची रीत जवळून बघितली. डोक्यावर करवतीसारखा काटा असतो. त्याच्या खाली, पारदर्शक कवचातून एक काळसर ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे त्याचा जीव. गळाचं टोक काटा आणि ठिपका यांच्या मधून, आडवं, अगदी थोडं कवच घेऊन काढायचं. ठिपक्याला लागलं तर सुंगट तिथेच मरतं. नीट लावलं तर ते पाण्यात पाय हलवत, मध्येच शेपटी मारत अर्धा तास जगतं. काकांचे अंगठा आणि तर्जनी एवढे राठ होते, पण सुंगट धरताना त्यांचा दाब इतका हलका की त्याच्या मिशाही वाकत नव्हत्या.

बाकीचा साज साधा. ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, तीस पौंडाची, पुढे गळाजवळ चाळीस पौंडाचा वीतभर कमी मीटर लीडर, मधल्या फिरकीच्या वर सरकतं शिसं. शिसं दोरीवर मोकळं सरकलं पाहिजे, म्हणजे माशाने सुंगट उचलून नेलं तर त्याला वजन जाणवत नाही. गळ सर्कल जातीचा, म्हणजे टोक आत वळलेला, आकार दोन-शून्य किंवा तीन-शून्य. या गळाला झटका द्यायचा नसतो. दोरी ताठ झाली की नुसतं रीळ फिरवत राहायचं, तो आपोआप तोंडाच्या कोपऱ्यात बसतो. मासा सोडायचा असेल तर हा फायदा मोठा, कारण गळ पोटात जात नाही.

भरती पावणेसातला पुरी झाली. आम्ही होडी एका वळणाच्या वरच्या अंगाला नांगरली आणि वाट बघत बसलो. वळणाच्या बाहेरच्या काठावर कांदळाची मुळं पाण्यात उतरलेली. ओहोटी लागली की आतल्या चिखलावरचं सगळं खाणं, बारीक सुंगटं, बोयटांची पिल्लं, खेकडे, पाण्याबरोबर खाली यायला लागतं आणि याच वळणावर भोवऱ्यात अडकतं. मासा तिथे तोंड वर करून उभा असतो. मावसभावाला घाई झाली होती. काका म्हणाले, "वायच थांब. सुकती लागांदे." सुकती म्हणजे ओहोटी. सव्वासातला पाण्यावरची पानं उलट्या दिशेने सरकायला लागली. मग सुंगट सोडलं.

तांबोशीची चाहूल ठरलेली. दोन टकटक, मग काहीच नाही, आणि मग एकदम ओढ, थेट मुळांकडे. पहिल्या पाच सेकंदांत जे होईल ते होईल. तिथे दोरी सोडली की मासा मुळांत जातो आणि लीडर कापून मोकळा होतो. म्हणून तांबोशीसाठी रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटू न देणारा ब्रेक, आधीच आवळून ठेवायचा आणि रॉड आडवा धरून तिला बाजूला खेचायचं. एकदा ती मोकळ्या पाण्यात आली की मग सावकाश. पहिली आली ती किलोच्या आतली, तांबूस, अंगावर अजून फिकट पट्टे. ती लगेच सोडली. तांबोशीचं बालपण खाडीत जातं, कांदळाच्या मुळांत वाढते आणि मोठी झाली की बाहेर समुद्रातल्या खडकांवर जाऊन तिथे अंडी घालते. म्हणजे खाडीतली लहान तांबोशी मारली तर तिने एकदाही अंडी घातलेली नसतात. आम्ही दोन किलोच्या आतली ठेवत नाही. काकांना आधी हे पटलं नाही. त्यांच्या लहानपणी एवढ्या तांबोशी असायच्या की सोडण्याचा प्रश्नच नव्हता. मग थोड्या वेळाने त्यांनीच एक पोर पाण्यात सोडलं आणि म्हणाले, "वाढान येतली."

दुसरी चांगली होती, अडीच किलोच्या आसपास. ती ठेवली. नऊ वाजता ओढ वाढली तसे गळ आवरून काठाकाठाने नकली आमिष, म्हणजे रबरी शेपटीचा मासा, टाकत परत निघालो. एका पडलेल्या झाडापाशी मावसभावाला जिताडा लागला. पाण्याबाहेर पूर्ण उडी, गिलं (कल्ले) फडकावत, आणि परत पाण्यात. तीन किलोचा असेल. होडीच्या काठाशी पाण्यातच ठेवून गळ सोडवला आणि सोडून दिला.

जिताड्याबद्दल एक गोष्ट सगळ्या गळवाल्यांना माहीत असायला हवी. तो जन्मतो तो नर म्हणून. काही वर्षं नर म्हणून जगतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. त्यामुळे फोटोत मिरवायचे ते मोठे जिताडे बहुतेक माद्याच असतात. हेकरू माशाचं उलट आहे. ते आधी मादी असतात, त्यातले काही पुढे नर होतात. दोन्हीकडे फक्त सर्वांत मोठा मासा मारत राहिलं की एका बाजूची जोडी संपते. मला विचाराल तर पाच किलोच्या पुढचा जिताडा फोटो काढून सोडावा.

दुपारी काकूंनी तांबोशीचं डोकं आणि मधला भाग कढीला लावला, तुकड्या तळल्या.

दशमी, देवगड

देवगडात फारसं काही मिळालं नाही. पाणी आरशासारखं स्वच्छ, ओढ जवळजवळ नाही, आणि दुपारनंतर वायव्येचा वारा. अशा पाण्यात माशाला दोरी दिसते. लीडर वीस पौंडावर आणून, लांब करून बघितला, तेव्हा बंदराबाहेरच्या खडकावरून दोन राणे आणि एक केंड आला. केंड चुकूनही खायचा नाही. त्याच्या यकृतात आणि अंड्यांत जे विष असतं ते शिजवूनही जात नाही. पोट फुगवून बसतो म्हणून लहान मुलं हाताळतात, तेही नको. त्याचे दात चोचीसारखे असतात आणि बोटाचा तुकडा काढू शकतात.

बंदरात गळ टाकणाऱ्यांनी होड्यांच्या नांगरदोरांवरून टाकू नये. गळ दोराला अडकून राहिला की दुसऱ्या दिवशी तो दोर हाताने ओढणाऱ्याच्या तळव्यात घुसतो. संध्याकाळी दीपगृहाकडून पवनचक्क्या बघितल्या आणि लवकर झोपलो.

एकादशी, तांबळडेग

इथून खाडी सोडून किनारा. पाणी वाढू लागलं होतं, भरती सव्वाआठला.

राहत्या घरी आजींनी निघतानाच सांगितलं, "आज एकादस. गावलो तरी घरात हाडू नको, पाण्यात सोड." कार्तिकी एकादशीला आमच्याही घरी मासे नसतात. त्यामुळे आजचा दिवस नुसता गरवण्याचा आणि सोडण्याचा.

तांबळडेगचा किनारा लांब आणि मोकळा, मागे सुरूचं बन. अशा वाळूच्या किनाऱ्यावर सगळं सारखंच दिसतं आणि नवा माणूस जमेल तेवढा लांब गळ फेकतो. आधी दहा मिनिटं उंचावर उभं राहून लाटा बघाव्यात. लाट जिथे फुटते तिथे वाळूचा उंचवटा असतो. दोन उंचवट्यांच्या मध्ये पाणी गडद दिसतं, लाट तिथे फुटत नाही. ते पन्हळ. मासा भरतीबरोबर याच पन्हळातून आत येतो आणि काठापासून दहा-पंधरा मीटरवर चरतो. मुडदुशी तर गुडघाभर पाण्यात असते. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, पाठीवर येतो, लाट आडवी पडते. गळ हलका असला तरी छान जातो. बारीक गळ, सुंगटाचा नखाएवढा सोललेला तुकडा, दहा ग्रॅमचं शिसं. मुडदुशीचा चावा रॉडच्या टोकावर कापरा येतो. दहापर्यंत बऱ्याच लागल्या, सगळ्या सोडल्या. मासा सोडताना हात आधी समुद्राच्या पाण्यात ओले करायचे. कोरड्या हाताने आणि वाळूत लोळवून त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही नंतर मरतो.

सिंधुदुर्गाच्या अशा शांत किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. रात्री गरवणाऱ्यांनी डोक्यावरचे पांढरे दिवे समुद्राकडे मारू नयेत, कासवीण उजेड बघून परत फिरते. आणि तुटलेलं तंगूस वाळूत टाकून तर मुळीच येऊ नये. नायलॉन वर्षानुवर्षं कुजत नाही. मी जुन्या पाण्याच्या बाटलीला भोक पाडून ती पट्ट्याला बांधतो, तुटलेला प्रत्येक तुकडा त्यात जातो. त्या सकाळी दुसऱ्यांनी टाकलेल्या तुकड्यांनीच ती अर्धी भरली.

द्वादशी, तळाशील

गड नदी समुद्राला मिळण्याआधी कितीतरी अंतर किनाऱ्याला समांतर वाहते. नदी आणि समुद्र यांच्या मधली वाळूची चिंचोळी पट्टी म्हणजे तळाशील. एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला शांत खाडी, पलीकडे सर्जेकोट. गळवाल्याला इथे दोन्ही पाणी मिळतात.

पण सकाळी रापण लागली होती, म्हणून रॉड बाहेरच काढले नाहीत. रापणीचं जाळं होडीतून अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात. जाळं पाण्यात असताना त्या पट्ट्यात गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. विचारून दोराला हात लावला. बांगडे, पेडवे, थोडी म्हाकुलं, बारीक मासळी. ओढून झाल्यावर त्यांनी आम्हाला मूठभर पेडवे आमिषाला दिले आणि पैसे घेतले नाहीत.

तिथल्या एका वयस्क रापणकरांनी शेंगाळ्याबद्दल सांगितलं ते कुणालाही थक्क करील. पावसाळा सरताना जाळ्यात येणाऱ्या शेंगाळ्यांच्या तोंडात अंडी असतात, गोटीएवढी. ती उबवणारा नर असतो. मादीने घातलेली अंडी तो तोंडात धरतो आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत काही खात नाही. अशा माशांचे थवेच्या थवे यांत्रिक जाळ्यांत येतात तेव्हा एका वेळी दोन पिढ्या जातात. ते सांगताना त्यांच्या आवाजात राग होता आणि तो रास्त होता. राज्य शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवले. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. हे नियम बाजारासाठी मासे मारणाऱ्यांसाठी आहेत असं म्हणून आपण हौशी लोकांनी हात झटकू नयेत. रॉडच्या मुठीवर चिकटपट्टीने खुणा करून ठेवल्या की मासा मोजायला क्षणही लागत नाही.

त्याच दिवशी गावात तुळशीची लग्नं. ऊस, चिंचा-आवळे, चुरमुरे. खाडीवर जायचं राहिलं आणि त्याचं काही वाटलं नाही.

त्रयोदशी, देवबाग

मालवणातून जाताना सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती गळ टाकायचा मोह कुणालाही होईल. तिथे प्रवाळ आहे, मासळी दिसते. पण हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि किल्ला-पद्मगड परिसर त्याचा गाभा. तिथे मासेमारीला मनाई आहे, आणि असावीच. कुठेतरी माशाला निवांतपणे वाढायला जागा हवी, तेव्हाच तो आपल्या गळापर्यंत येईल.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. त्रयोदशीला भरती पावणेदहाला, आणि ओढ विजयदुर्गच्या दुप्पट जाणवत होती. शंभर ग्रॅमचं शिसं तळाला लागून गोटीसारखं घरंगळत गेलं. अशा पाण्यात मिळतो तो वीस-पंचवीस मिनिटांचा काळ, पाणी पूर्ण भरून उलटायच्या मधला. त्यासाठी सगळं आधी तयार हवं. साडेनऊला आम्ही धातूचे जिग, म्हणजे जड नकली आमिष, बांधून संगमाच्या टोकावर उभे होतो. पाणी थबकलं आणि पाण्यावर बारीक मासळी उडायला लागली. जिग तळापर्यंत सोडायचा, मग रॉड झटक्याने वर, एक वळसा, परत झटका. तिसऱ्या-चौथ्या फेकीला ट्रेव्हली लागली. चपट्या अंगाचा हा मासा आपलं अंग पाण्याला आडवं धरतो आणि ओढीचा फायदा घेतो, त्यामुळे दीड किलोचाही पाच किलोचा वाटतो. मावसभावालाही एक. दहाला पाणी समुद्राकडे धावायला लागलं, पर्यटकांच्या होड्या सुरू झाल्या, आणि सगळं थांबलं.

चतुर्दशीला कर्ली ओलांडून निवतीकडे गेलो. दिवसभर रिळं गोड्या पाण्याने पुसून, गळ घासून, साठ पौंडाचे नवे लीडर बांधून ठेवले. लूअरचे, म्हणजे नकली आमिषाचे, त्रिशूळ गळ काढून एकेरी गळ लावले. खडपावर लाटेत उडणारा मासा हातात घेताना तीन टोकांचा गळ माणसालाच लागतो.

पौर्णिमा, निवती

पूर्ण ओहोटी पहाटे पाचला, भरती सव्वाअकराला. म्हणजे उजाडताना पाणी सर्वांत खाली गेलेलं आणि नुकतं वर यायला लागलेलं. एरवी पाण्याखाली असणारे खडप उघडे पडतात आणि त्यांच्या पुढच्या धारेवर जाऊन उभं राहता येतं. मासा मिळायची हीच वेळ, आणि जीव जायचीही हीच.

सोबत निवतीचे आबा होते. वय विचारलं नाही. अनवाणी, हातात लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेलं तंगूस. काळोखात खडपाशी पोचलो तरी त्यांनी पुढे जाऊ दिलं नाही. अर्धा तास आम्ही नुसती लाट बघितली. लाटा एकसारख्या येत नाहीत. काही वेळ लहान, मग तीन-चार मोठ्या लागोपाठ. त्या मोठ्या कुठपर्यंत येतात ते बघितल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही.

मग त्यांनी खडपावरच्या खुणा दाखवल्या. सर्वांत खाली शेवाळाचा हिरवा निसरडा पट्टा, तिथे पाय ठेवायचा नाही. त्याच्या वर कालवांची पांढरट रेघ. कालवं तिथेच धरतात जिथे पाणी रोज येतं. त्याच्याही वर कोरडा, खरखरीत, काळा कातळ. "त्या कालवांच्या वर उभो रव. आणि दर्याक पाठ दाखवू नको. मासो गेलो तर जाऊंदे." सहाच्या सुमाराला त्यांनी परतीच्या वाटेवरचा एक दगड दाखवला. तो भिजला की गळ गुंडाळायचा, हातात काहीही असलं तरी.

हा दगड म्हणजे अनुभवाचं गणित आहे. सहा तासांच्या भरतीचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग पाणी चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग परत दोन आणि एक. पहिले दोन तास पाणी फारसं हललंच नाही असं वाटतं आणि तिसऱ्या तासात ते एकदम पायाशी येतं. पाठीमागची घळ आधी भरते, माणूस पुढच्या धारेवरच अडकतो. पाचला सुरू झालेली भरती सात वाजता वेग घेणार, म्हणजे साडेसात ही आमची हद्द. अंगात लाइफ जॅकेट, पायात खिळ्यांचे बूट, आणि फोन जलरोधक पिशवीत घरच्यांना जागा कळवून. एकट्याने खडपावर जाऊच नये.

साडेसहाला फेस पांढरा दिसायला लागला. लाट खडपावर आपटून परत जाते तेव्हा फेसाची चादर पसरते. तिच्या कडेला, जिथे पांढरं संपून हिरवं सुरू होतं, तिथे पॉपर, म्हणजे पाण्यावर उसळत सरकणारं नकली आमिष, टाकायचा. फेसाखाली बारीक मासळी गोंधळलेली असते आणि मोठा मासा कडेवर असतो. दोन बाराकुडा आले, एकाने लीडर कापला. मग मावसभावाचा रॉड एकदम मुठीपर्यंत वाकला आणि दोरी खडपाच्या पोटात गेली. हेकरू. तो कपारीत शिरला आणि गिलं फुगवून घट्ट बसला. अशा वेळी ओढत राहिलं तर दोरी तुटते. आबांनी दोरी पूर्ण ढिली सोडायला सांगितली. दोन-तीन मिनिटं काहीच नाही. मग दोरी आपसूक सरकायला लागली, म्हणजे मासा बाहेर निघाला होता, आणि त्याच क्षणी मावसभावाने रॉड उचलला. चार किलोच्या आसपासचा, तपकिरी, अंगावर नारिंगी ठिपके. लाटेच्या चढत्या पाण्याबरोबर त्याला वर घेतलं. उतरत्या पाण्यावर ओढायचा नसतो, सगळं वजन दोरीवर येतं.

आबा आमच्यापासून वीस पावलांवर, पेडव्याचा तुकडा लावून हातानेच तंगूस टाकत होते. डोक्यावर शिसं गरगर फिरवून सोडायचे आणि ते नेमकं दोन खडपांच्या मधल्या फटीत पडायचं. तेवढ्या वेळात त्यांनी तीन पालू आणि एक लहान तांबोशी काढली. तांबोशी मी मागितली आणि सोडली. त्यांनी काही म्हटलं नाही. त्यांच्या घरातली आजची आमटी मी पाण्यात सोडली होती, म्हणून मावसभावाने हेकरू त्यांच्या पिशवीत ठेवला.

सात पंचविसाला दगड भिजला. आम्ही गळ गुंडाळले. वरच्या कातळावर जाऊन मागे बघितलं तेव्हा आम्ही उभे होतो तिथे कंबरभर पाणी होतं.

वाटेत लीडर बोटांमधून फिरवून बघितला. शेवटच्या हातभर भागावर बाराकुड्याच्या दातांची आणि खडकाची खरखर लागत होती. तेवढा कापून बाटलीत टाकला. बंदरावर बर्फ घेतला. आमच्याकडे उरलेले दोन पालू आणि एक बाराकुडा तिथेच साफ केले, पोटात बर्फ भरला आणि पेटीच्या तळाला जाळी टाकून वर ठेवले, म्हणजे वितळलेल्या पाण्यात मासा भिजत नाही. आंबोली घाटातून कोल्हापूरला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. मासे कडक होते, डोळे स्वच्छ. बाराकुड्याच्या तुकड्या शेजारी दिल्या, पालू घरी तळले.